ग्राइंडरवाल्या अंबुजाक्का

तंजावुरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात त्या सकाळी तमिळ वर्तमानपत्र वाचून हशा पिकला होता. बातमी चार ओळींची. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मराठी बाईने ग्राइंडरच्या कंपनीला ग्राहक आयोगात खेचलंय, कारण ग्राइंडरला हात लावल्यावर तिच्या सुनेला शॉक बसला. "उद्या इडली घशात अडकली की तांदळावर खटला भरा," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मी कावेरीत घसरून पडलो तर कावेरीवर!" माझं टाळकं सणकलं. पेला तसाच ठेवून मी उठलो आणि म्हणालो, "हसा, हसा. तुमच्या बायका घरात कशात वाटतायत ते जाऊन बघा आधी."

खरं तर मला रागवायचा हक्क नव्हता. अंबुजाक्का ती तक्रार टाइप करून घ्यायला पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मीही हसलो होतो.

मी इथल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो. निवृत्त झाल्यावर घरात संगणक आणि प्रिंटर ठेवला, त्यामुळे गल्लीतले अर्ज-विनंत्या सगळे माझ्याच माथी. बायको साताऱ्याची, तिच्यामुळे मी देवनागरी लिहायला शिकलो, नाहीतर आमच्या गल्लीत मराठी नुसती बोलायची, लिहायची तमिळ. अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आणि दोन घरं पलीकडे. मी साठी ओलांडली तरी त्यांच्या लेखी मी रामूच.

अक्कांचा धंदा श्राद्धाच्या स्वयंपाकाचा. तंजावुरात आमच्या लोकांत सोवळ्याला मडी म्हणतात, आणि अक्कांची मडी म्हणजे गावात शेवटचा शब्द. धुतलेलं लुगडं हात न लावता लांब काठीने उंच वलणीवर टाकायचं, वाळलं की काठीनेच काढायचं, नेसायचं आणि मग स्वयंपाक संपेपर्यंत कोणाचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. आडवं कोणी आलं की ओरडायच्या, "लांब! लांब व्हा!" एकदा तर त्यांनी पोस्टमनलाच पायरीवरून खाली उतरवलं होतं. मिठाचा अंदाज त्या न चाखता घ्यायच्या. नैवेद्याआधी चाखायचं नाही हा नियम, तेव्हा आमटीवर वाकून वास घेत आणि म्हणत, "अजून चिमूट मागतेय."

माझ्या वडिलांच्या श्राद्धाची गोष्ट सांगतो. पानं मांडली होती, गुरुजी हातपाय धुऊन बसले होते, आणि अक्का आतून म्हणाल्या, "थांबा. पायस पुन्हा करतें." का, तर तुपाच्या भांड्याला त्यांच्या पदराचं टोक लागलंसं वाटलं, आणि पदर मघाशी दाराला घासला होता. मी भुकेने कावलेलो. म्हटलं, "अक्का, कोणी बघितलं नाही हो!" त्या चुलीकडेच बघत म्हणाल्या, "मी बघितलं ना." पाऊण तास आम्ही सगळे हात जोडून बसलो. असली ही बाई. कोणी बघो न बघो, स्वतःला सोडायची नाही. म्हणून पुढचं सगळं मला अजून पचत नाही.

सुनेला शॉक बसला त्या दिवशी श्राद्ध त्यांच्याच घरी होतं, त्यांच्या यजमानांचं. मुलगा व्यंकू करायला बसणार, म्हणजे रिवाजाप्रमाणे स्वयंपाक त्याच्या बायकोने करायचा. सून सरोजा कुंभकोणमची. हसरी आणि कामाला चटपटीत. अक्कांच्या हाताखाली तयार होत होती. पुढे धंदा तीच चालवणार होती. श्राद्धाला उडदाचे वडे लागतात. डाळ वाटायला टेबलावरचा नवा ग्राइंडर होता, अक्कांनीच दुकानात जाऊन पसंत केलेला. सरोजाने बटण दाबलं, डाळ लोटायला फिरत्या भांड्यात हात घातला आणि किंचाळलीसुद्धा नाही. अक्कांनी कपड्याच्या काठीने प्लग उपटला, तेव्हा सरोजा भिंतीवर आपटून खाली पडली. बाजूची बादली कलंडली आणि ती, लुगडं, फरशी, सगळं पाण्यात.

सरोजा वाचली. डोक्याला मार लागल्याने त्या सकाळची काही आठवण मात्र उरली नाही. आणि उजवा हात गेला. होता, पण नुसता लोंबायचा. बोटं आत वळलेली, घट्ट.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती येईल त्याला सांगायची, "मीच वेंधळी. बादली इतकी जवळ ठेवायची का कोणी?" अक्का जवळच असायच्या. काही बोलायच्या नाहीत.

महिन्याभराने अक्का माझ्या दारात उभ्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "रामू, ग्राइंडर करणाऱ्यांवर फिर्याद लिहायची आहे." मी हसलो. म्हटलं, "अक्का, पाणी आणि वीज एकत्र आली तर कंपनी काय करील बिचारी?" त्यांनी पिशवीतून ग्राइंडरची खालची झाकणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुत्तू नावाच्या इलेक्ट्रिशियनने ती उघडून आत बघितलं होतं. प्लगला तीन पिना होत्या, पण तिसरीतून येणारी अर्थिंगची वायर आत कुठे जोडलेलीच नव्हती. टोक कापून गुंडाळून ठेवलेलं. वीज अंगात शिरण्याऐवजी जमिनीत जायला जी वाट हवी, ती कारखान्यातूनच बंद. माझं हसू तिथेच संपलं.

मी टाइप करत गेलो. मध्येच विचारलं, "सरोजाचे कपडे कोरडे होते ना? बादली नंतर कलंडली ना? ते लिहायला हवं, नाहीतर तेच धरतील." अक्कांनी झाकणी पिशवीत परत ठेवली. मग म्हणाल्या, "ते लिहूं नको." मी मान वर करून बघितलं नाही. बघायला हवं होतं.

त्यानंतर त्यांनी काय केलं असेल? मुत्तूकडून टेस्टर घेतला, तो लाल दांड्याचा, वीज लागली की आत दिवा पेटतो तो. आणि गल्लीत घरोघर फिरायला लागल्या. "ग्राइंडर लाव," म्हणायच्या. "हात लावूं नको. लांब!" मग टेस्टरचं टोक भांड्याला टेकवायच्या. लोक कुजबुजायचे, सुनेचं बघून म्हातारीचं डोकं फिरलंय. पोरीबाळी दार लावून घ्यायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा माझी बायको मालती वाटतच होती, मनगटापर्यंत पिठात हात. तोच रंग, तीच कंपनी. अक्का ओरडल्या, "काढ हात!" मालतीने दचकून हात काढला. टेस्टर टेकवला आणि आतला दिवा मंद, नारिंगी पेटला. मालतीने पीठ पदराला पुसलं. "अहो, कालपासून मुंग्या येत होत्या हाताला," ती म्हणाली, "मला वाटलं, माझाच हात अवघडलाय." त्या दिवसापासून ही फिर्याद माझी झाली.

अक्कांचा एकच धोशा होता. ते यंत्र प्रत्येक घरातून परत जायला पाहिजे आणि तसं कंपनीने जाहीर करायला पाहिजे. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, फार गोड बोलला. दवाखान्याचं सगळं आम्ही बघतो, म्हणाला. फक्त यंत्रात दोष नव्हता, असं लिहून द्या. व्यंकू तयार होता. बिचाऱ्याला रजा नव्हती, झोप नव्हती. अक्का म्हणाल्या, "आणि उद्या दुसऱ्या घरातली चिटकली तर? तिच्या सासूने माझी सही दाखवायची?" तो माणूस चहा न पिता गेला.

खरी कसोटी पुढे होती. आयोगात बहुतेक काम कागदावर चालतं, पण कंपनीच्या वकिलाने अक्कांना समोर उभं करून प्रश्न विचारायची परवानगी मागितली. त्यांना वास लागला होता. त्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं: ओल्या कपड्यांनी, अनवाणी, यंत्र वापरू नये. लुगडं आधीपासून ओलं होतं असं निघालं, की ते हात झटकून मोकळे.

आमच्या वकीलबाई सेल्वी, तरुण आणि हुशार. अक्कांना पाटी म्हणायच्या, म्हणजे आजी. सुनावणीच्या सकाळी आयोगाच्या व्हरांड्यात त्या अक्कांना तमिळमध्ये म्हणाल्या, "पाटी, सोपं आहे. लुगडं कोरडं होतं, बादली नंतर सांडली. त्या वेळी तुम्ही दोघीच. तुमच्या सुनेला आठवत नाही. दुसरं कोण सांगणार?"

अक्कांनी मान हलवली नाही. मला खांबाआड घेऊन गेल्या आणि तिथे सांगितलं.

लुगडं ओलंच होतं. सरोजासाठी कोरडं वलणीवर होतं, पण पहाटे अक्का दूध आणायला बाहेर जाऊन आल्या आणि घाईत त्यांचाच हात त्याला लागला. मडी मोडली. दुसरं कोरडं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताने लुगडं भिजवून पिळलं आणि सुनेला तसंच ओलेत्याने नेसायला लावलं. सरोजा म्हणाली होती, "अत्ते, अर्धा तास उन्हात टाकूं या." आणि अक्का म्हणाल्या होत्या, "वेळ टळेल. गुपचूप नेस."

"वर्ष झालं रामू," अक्का म्हणाल्या. "ती म्हणते, मी वेंधळी, आणि मी ऐकतें. सांगितलं तर ती जाईल, व्यंकूही जाईल. आज नुसती गप्प राहिलें, कोरडं म्हणालें नाही, ओलंही म्हणालें नाही, तर पाप आहे का?"

मी तापट माणूस, पण त्या क्षणी भित्रा झालो. माझ्या डोळ्यांपुढे मालतीचा पिठातला हात. मला ती केस जिंकायला हवी होती. म्हटलं, "अक्का, कोरडं म्हणा. यात घराघरांतल्या बायकांचा जीव आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला व्हरांड्यातून पळून जावंसं वाटलं.

आत अध्यक्ष, दोन सदस्य, वर करकरणारा पंखा. पहिल्या बाकावर व्यंकू आणि त्याच्या शेजारी सरोजा, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरलेला. कंपनीचा वकील चेन्नैचा, आवाज अगदी मऊ. आधी दुकान, पावती, पुस्तक झालं. मग म्हणाला, "अम्मा, एकच प्रश्न. तुमच्या सुनेने बटण दाबलं तेव्हा तिचं लुगडं कोरडं होतं की ओलं?"

अध्यक्ष म्हणाले, "उत्तर द्या अम्मा." सेल्वी कागदाकडे बघत होत्या. अक्कांनी वकिलाकडे नाही, अध्यक्षांकडे नाही, सरोजाकडे बघितलं.

"ओलं," त्या म्हणाल्या. "मी भिजवलं. मीच नेसवलं. ती नको म्हणत होती." आणि सगळं सांगितलं. दूध, वलणी, आपला हात, 'गुपचूप नेस', सगळं. एक शब्द गाळला नाही.

सेल्वींनी डोळे मिटले. वकिलाने हसू दाबलं. "म्हणजे चूक तुमची होती हे तुम्हाला मान्य आहे."

"आहे," अक्का म्हणाल्या. "ती मी डोक्यावर घेतें. पण वायर मी कापली का? माझी चूक माझी, तुमची चूक तुमची. माझीच्या खाली तुमची लपवूं नका."

वकील म्हणाला, "पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, ओलं असताना वापरू नका."

आता अक्कांचा आवाज चढला. "डाळ भिजलेली, तांदूळ भिजलेले, हात पाण्यात बुडवून पीठ लोटायचं, नाहीतर ते चिकटतं. हे यंत्र कोणाच्या घरी जाणार ते तुम्हांस ठाऊक नव्हतं? कोरड्या हाताने एवढं पीठ वाटून दाखवा. इथे, आत्ता. मी फिर्याद मागे घेतें."

कोणी हसलं नाही. अध्यक्ष लिहीत राहिले. आणि सरोजा उठली. डाव्या हाताने पदर सावरला, सासूकडे न बघता चालत बाहेर गेली. व्यंकू तिच्यामागे धावला.

त्याच आठवड्यात दोघं तिरुचीला राहायला गेली. व्यंकूने बदली मागून घेतली. गल्लीत लोक अक्कांना तोंडावर बोलले नाहीत, पण श्राद्धाला बोलावणं बंद झालं. ज्यांच्या घरी त्या तीस-तीस वर्षं वडे तळत होत्या, ती माणसंही त्यांना बघून रस्ता ओलांडायला लागली. मला त्यांची चीड आली, आणि माझीही.

काही महिन्यांनी निकाल लागला. आयोगाने म्हटलं, घरच्यांचा दोष आहे, तेवढ्यापुरती भरपाई कमी. पण ज्या यंत्राला ओला हात लागणारच, त्यात अर्थिंग न जोडणं हा कंपनीचा दोष, आणि तो घरच्यांच्या दोषाने पुसला जात नाही. त्या बनावटीचे सगळे ग्राइंडर परत घ्या आणि तमिळ वर्तमानपत्रांत ठळक जाहीर करा. मी निकाल वाचून दाखवला. अक्का नुसत्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सरोजाने फोनवर मला काय विचारलं, सांगूं?"

"काय?"

"म्हणाली, अत्ते, कंपनीलाही ठाऊक होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. तुम्हांसही ठाऊक होतं. मग फरक काय?"

अक्कांनी माझ्या संगणकाकडे बोट दाखवलं. "आता दुसरी फिर्याद टाइप कर. फिर्यादी सरोजा. समोर मी."

"अक्का, डोकं ठिकाणावर आहे ना? असा खटला कुठे चालतो? तुम्ही काय कंपनी आहात?"

"चालत नसला तर नसूं दे. तू टाइप कर."

नोकरीत मी हजारो कागद टाइप केले, पण असला एकही नाही. प्रतिवादीने मडीच्या हट्टापायी फिर्यादीस ओलं वस्त्र नेसवलं. प्रतिवादीने ही गोष्ट एक वर्ष दडवली. फिर्यादी स्वतःस दोष देत असता प्रतिवादी गप्प बसली. अक्का उभ्याने सांगत होत्या आणि मी चुकत होतो, खोडत होतो. खाली त्यांनी तमिळमध्ये सही केली आणि वर एक शब्द लिहिला: कबूल. कागद पोस्टाने तिरुचीला गेला.

तीन आठवड्यांनी तोच कागद परत आला. मागच्या बाजूला डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी तमिळ अक्षरं होती. शुक्रवारी सुनावणी. प्रतिवादीने हजर राहावे.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून बसस्टँडवर सोडलं. "मी येतो बरोबर," म्हटलं. त्या म्हणाल्या, "कशास? त्या दिवशी आम्ही दोघीच होतों. आजही दोघीच." बस सुटली. शनिवारी आल्या नाहीत, रविवारी नाहीत. फोन करायची हिंमत होईना.

आठव्या दिवशी व्यंकू त्यांची पेटी न्यायला आला. मी त्याचा दंडच धरला. "काय झालं रे?"

"सरोजाने शिक्षा सुनावली," तो म्हणाला. हसावं की रडावं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "अम्माने तिथेच राहायचं. रोज सकाळी तिच्या हाताला तेल लावायचं आणि बोटं एकेक करून उघडायची."

पुढच्या महिन्यात मी आणि मालती तिरुचीला गेलो. दार उघडंच होतं. सरोजा स्टुलावर बसली होती, अक्का खाली फरशीवर, त्यांच्या मांडीवर तिचा उजवा हात. करंगळी उघडली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. अंगठ्यापर्यंत पोचेतो करंगळी पुन्हा मिटलेली. अक्का पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. दोघी बोलत नव्हत्या. आम्ही आलो म्हणूनही थांबल्या नाहीत. पंधरा मिनिटं आम्ही तसेच उंबऱ्यात उभे.

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सरोजा, किती दिवसांची शिक्षा आहे गं ही?"

सरोजाने पहिल्यांदा सासूच्या डोक्याकडे बघितलं. "हात उघडा राहीपर्यंत," ती म्हणाली.

तो आता कधीच उघडा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सरोजाला ते ठाऊक होतं, अक्कांनाही. अक्कांनी मान हलवली, तळहातावर आणखी थोडं तेल घेतलं आणि करंगळीपासून सुरुवात केली.